थेट विमान नाही

१

सगळ्यात आधी खटकल्या त्या आईच्या सपाता.

जांभळ्या, आतून केसाळ, टाचेशी दबलेल्या. आई गेल्यावरही मी त्या दाराशी, चपला काढायच्या खोलगट चौकोनात तशाच ठेवल्या होत्या. टोकं घराकडे केलेली, म्हणजे कुणीतरी नुकतंच बाहेरून आलंय असं वाटावं. शुक्रवारी सकाळी कचरा टाकायला निघाले तर टोकं दाराकडे होती.

पाहुण्यांच्या चपला आई अशा फिरवून ठेवायची. "जाताना धडपडायला नको," म्हणायची. स्वतःच्या मात्र कधी फिरवल्या नाहीत. "मला मेलीला कुठे जायचंय?"

मी कचऱ्याची पिशवी हातात धरून तिथेच उभी राहिले. दाराशी चाहूल लागली की आपोआप लागणारा दिवा आहे, तो माझ्यासाठी लागला आणि मी हलत नाही असं पाहून विझला. तो विझला तेव्हाही मी दचकले. मी अशीच आहे. भाताच्या कुकरमधली बाई 'भात झाला' म्हणते, तेव्हासुद्धा दचकते.

आदल्या संध्याकाळी आईचं वर्षश्राद्ध केलं होतं. गडबडीत माझ्याच हातून सपाता फिरल्या असतील, असं मी स्वतःला सांगितलं. मग वाकून त्या पुन्हा घराकडे वळवल्या आणि कचरा टाकायला गेले.

परत आले तेव्हा टोकं घराकडेच होती. पण माझी बोटं आठवण करून देत होती, की वळवताना सपाता आतून गार नव्हत्या.

२

खरं तर ते श्राद्ध मी करायचंच नव्हतं.

आमच्यात श्राद्ध एकाच घरी होतं, थोरल्या मुलाच्या. घर बदलायचं असेल तर आधीच्या घरी शेवटचं पान मांडून गेलेल्या माणसाला तसं सांगायचं असतं: पुढच्या खेपेपासून तिकडे या. ते मी सांगितलं होतं. सुगीच्या सणाला दादा फोनवर पत्ता सांगत होता आणि मी आईच्या फोटोसमोर एकेक शब्द म्हणत होते. गल्लीचं नाव, घराचा क्रमांक, दुसरा मजला, ब्युनॉस आयर्स.

माझा दादा ग्यु-वॉन तिथे कपड्यांचं दुकान चालवतो. से-जिन वहिनी शिवणाचं बघते. त्यांची मुलगी सोदाम पाच वर्षांची आहे. ती तिथेच जन्मली आणि आजीला फक्त फोनच्या पडद्यावर ओळखते.

आईला ते अंतर कधी कळलं नाही. आम्ही इंचॉनला यंगजोंग बेटावर राहतो, विमानं आमच्या गच्चीवरूनच उतरतात. माझं कामही तेच. एका प्रवास कंपनीच्या मदत-फोनवर मी घरी बसून लोकांना सांगते, अमुक विमानतळ ते तमुक विमानतळ किती लांब, किती तास, कुठे बदलायचं. आईने एकदा विचारलं होतं, "ग्यु-वॉनचं गाव किती लांब गं?"

"साडेएकोणीस हजार किलोमीटर. याहून लांब जाताच येत नाही आई, पुढे गेलं की परत जवळ यायला लागतं."

"आणि वेळ?"

"थेट विमान नाही. मध्ये उतरायचं, थांबायचं, दुसरं पकडायचं. दीड दिवस धर."

आईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तिथे आणि इथे बरोबर बारा तासांचा फरक आहे. आमचे सकाळचे आठ तेव्हा त्यांचे रात्रीचे आठ, काटे तिथल्या तिथे. "घड्याळ तर तेच आहे," ती म्हणाली. "मग लांब कसं?"

तर या वर्षी श्राद्ध दादाकडे होतं. पण गुरुवारी काम संपवून कानावरचा हेडफोन काढला आणि लक्षात आलं, दिवसभरात मी एकही शब्द माझ्या ओळखीच्या माणसाशी बोलले नव्हते. मी उठले. भात लावला, मासा तळला, नासपती सोलली. पान मांडलं, भातात चमचा उभा रोवला, दार बोटभर उघडं ठेवलं आणि आई जेवेपर्यंत पाठ करून बसले. फार बरं वाटलं. इतकं, की शेवटी निरोपाचं पाणी द्यायचं असतं आणि 'आता या' म्हणून वाकायचं असतं, ते मी केलंच नाही. आपल्याच आईला जा कशाला म्हणायचं?

दादाला यातलं काही सांगितलं नाही.

३

शनिवारी सकाळी आठला दादाचा फोन आला. त्यांच्याकडे शुक्रवारची रात्र होती. पडद्यावर आधी सोदामचं कपाळ दिसलं. बापाचा फोन कायम तिच्याच हातात असतो.

"आत्या, बघ!" तिने पाय वर केला. मी पाठवलेले बूट. पांढरे, पाऊल टाकलं की तळव्यातला दिवा लुकलुकतो. "मी झोपताना पण काढत नाही."

"खरंच काढत नाही," मागून वहिनी ओरडली. "तुम्ही पाठवलेत, तुम्हीच येऊन धुवा आता चादरी."

दादाने फोन घेतला. "काल आईचं पान मांडलं. सगळं नीट झालं. फक्त तुझी भाची म्हणते, आजी आलीच नाही."

"काल नाही आली," सोदाम खालून म्हणाली. "आज आली. मी दूध पीत होते तेव्हा. तिला धाप लागली होती."

"बघ," दादा हसला. "आई ती आईच. मधलं विमान चुकलं असणार."

मीही हसले. फोन ठेवला आणि हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, कारण डोक्याने आपलं रोजचं काम सुरू केलं होतं. गुरुवारी रात्री नऊच्या सुमाराला माझं पान आवरलं. तिथून निघायचं, मध्ये एकदा बदलायचं, आणि शुक्रवारी त्यांच्या संध्याकाळी, दूध प्यायच्या वेळेला, दादाच्या दारात. दीड दिवस. मी दिवसातून चार वेळा गिऱ्हाइकांना सांगते तेच उत्तर.

पोरीने स्वप्न पाहिलं असेल. मी पडद्यावर आकडे पाहून पाहून सगळीकडे आकडे पाहते, तेही असेल.

दाराशी जाऊन पाहिलं. सपाता पुन्हा दाराकडे तोंड करून होत्या.

४

रविवारी संध्याकाळी त्या घराकडे वळल्या.

मी बैठकीतच होते. दार आणि बैठक यांच्यामध्ये आमच्याकडे दुधी काचेचं सरकतं दार आहे. त्याच्या पलीकडचा दिवा लागला. आवाज काही नाही, फक्त काच पिवळी झाली. थोड्या वेळाने विझली. मी हातात उशी घेऊन बसले होते. उशीचं मी काय करणार होते, देव जाणे.

मग धीर करून काच सरकवली. सपाता घराकडे. मी हात घातला. आत ऊब होती, जशी आत्ताच कुणी पाय काढल्यावर असते.

त्या रात्री मला फार छान झोप लागली, हेही लिहायला हवं. भीती वाटत होतीच. पण घरात मी एकटी नव्हते.

सोमवारी सपाता दाराकडे. मंगळवारी सकाळी, म्हणजे त्यांच्या संध्याकाळी, दादाच्या घरून सोदामचा बोललेला निरोप आला: आजी आली, आजीचे पाय सुजलेत. मी बाहेरचं दार आता दिवसा साखळीवर बोटभर उघडं ठेवायला लागले. जिन्यातला गारठा आत यायचा, मी अंगावर घोंगडी घेऊन फोन उचलायचे. "थेट विमान नाही, साहेब. एकदा बदलावं लागेल." आणि एक डोळा त्या फटीकडे.

५

पिल-सुन मावशी आईची धाकटी बहीण, बाजारात लोणची-भाज्यांचं दुकान चालवते. बुधवारी दुपारी डबे घेऊन आली ती दारातूनच ओरडत.

"दार उघडं टाकून बसलीयेस! नवरा आपणहून चालत येईल असं वाटतंय का?"

"हवा यायला, मावशी."

"हवा खायला थंडीच सापडली हिला." ती चपला काढायला वाकली आणि तशीच वाकलेली राहिली. मग एक सपात उचलून तिने उलटी केली. "या कोण घालतं गं?"

"कुणी नाही."

"मग तळवा असा पार कसा झिजला? या मीच दिल्या होत्या ताईला, गेल्या थंडीत. चार महिनेसुद्धा घातल्या नाहीत तिने."

मी पाहिलं. टाचेचं रबर कागदाएवढं राहिलं होतं. एका ठिकाणी आरपार उजेड दिसत होता.

मला रडू फुटलं आणि मी सगळं सांगून टाकलं. दुसरं पान, न दिलेला निरोप, दिवा, सोदाम. मावशी ऐकताना हातातल्या डब्याचं झाकण उघडत आणि लावत होती. मला वाटलं हसेल. हसली नाही.

"एका माणसाला दोन घरांनी जेवायला बोलावलं," ती म्हणाली, "आणि ऊठ कुणीच म्हटलं नाही. मग ती करणार काय? इथे बसली की तिकडची हाक, तिकडे बसली की इथली." मग थोडं थांबून, "आणि माणूस तरी कोण, तर ताई! बसमध्ये चढायच्या आधी जिला पिशवी हातात लागायची. तुझ्या बारशाला सोलहून येताना माझ्या नव्या कोटावर ओकली होती, ठाऊक आहे का? आणि एकटी? एकटी ती कोपऱ्यावरच्या दुकानात गेली नाही कधी."

"तुला घेऊन जायची?"

"माझं लग्न होईतो मला. मग तुझ्या दादाला. तो उडाला, मग तुला. मनगट धरायची, बोटं नाही. आठवतं का? वळ उठायचे."

मला आठवलं. माझं डावं मनगट मी उजव्या हाताने धरून बसले होते, आणि ते मला तेव्हाच कळलं.

"आता येईल तेव्हा पाणी दे," मावशी उठत म्हणाली. "वाक आणि स्पष्ट सांग, आई, तू दादाकडेच राहा, इकडे येऊ नकोस. मग दार लाव. आणि हे आधी कर हं बोराम, लाड करत बसू नकोस. तुला बरं वाटतं म्हणून म्हातारीला फेऱ्या मारायला लावतेस?"

मी हो म्हटलं. त्याच रात्री सपाता घराकडे वळलेल्या पाहिल्या, पाणी गरम केलं, आणि ओतून टाकलं. अजून एकदाच, असं म्हणाले.

६

शनिवारी सकाळी पडद्यावर सोदाम एकटीच होती. दादा आणि वहिनी खाली दुकान बंद करत होते.

"आत्या, मी तुझ्याकडे येणारे."

"हो? कधी?"

"आज. आजी म्हणाली. तिला एकटीला जायचा कंटाळा आलाय. ती मला खिडकीजवळ बसवणार."

"सोदाम, आजीला सांग, बाबाला विचारल्याशिवाय मी येणार नाही. सांगशील?"

"सांगितलं." ती पडद्याच्या बाहेर कुठेतरी बघत होती. वर, मोठ्या माणसाकडे बघतात तसं. "ती म्हणते, मनगट दे."

"दादाला बोलव! वहिनीला बोलव, आत्ता!"

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. छत दिसायला लागलं, मग तेही गेलं. मी पुन्हा लावला तेव्हा दादाने उचलला. "काय गं, काय झालं? ती सोफ्यावर झोपलीये. बूट घालूनच. ओरडू नकोस, उठेल."

काय सांगणार होते मी त्याला? दुसऱ्या पानाचंसुद्धा सांगितलं नव्हतं. ते सांगितलं, अडखळत. दादा मऊ आवाजात म्हणाला, "बोराम, तू तिथे एकटी पडलीयेस. मला कळतं गं. पुढच्या वर्षी तुलाच इकडे आणतो." म्हणजे त्याने काहीच ऐकलं नव्हतं.

७

रविवारी सकाळी त्याचा लिहिलेला निरोप आला. सोदामला ताप आहे. काल झोपली ती उठलीच नाही. हलवलं की पुटपुटते, पुन्हा झोपते. डॉक्टर येऊन गेले, साथीचा ताप म्हणाले, झोपू द्या म्हणाले. खाली आणखी एक ओळ: पळत कुठे जाते कुणास ठाऊक, झोपेत सारखे पाय हलतायत.

मी हिशोब केला. करायला नको होता, पण दुसरं मला येतं काय? काल सकाळी आठला निघाल्या. दीड दिवस. म्हणजे आज रात्री आठच्या आत, वारा पाठीशी असेल तर दुपारीच.

दार साखळीवर उघडं ठेवलं. भात करपवून त्यात पाणी उकळलं, निरोपाला लागतं तसं, आणि वाडगा दुधी काचेच्या अलीकडे जमिनीवर ठेवला. मग गुडघे मुडपून समोर बसले आणि वाक्य पाठ करत राहिले. आई, सोदामला घेऊन परत जा. तिला दादाच्या घरी सोड आणि तूही तिथेच राहा. आई, सोदामला घेऊन परत जा. बाहेर लख्ख ऊन होतं. खालच्या मजल्यावर कुणीतरी लसूण ठेचत होतं. एकामागून एक विमानं उतरत होती आणि दर वेळी खिडकीची काच थरथरायची.

दिवा लागला.

काच पिवळी झाली आणि या वेळी तिच्यात कुणीतरी होतं. वाकलेलं. चेहरा नाही, रंग नाही, नुसता पाठीचा एक बाक, आणि त्या बाकाची हालचाल मला इतकी ओळखीची होती, की भीती वाटायच्या आधी मी पुढे सरकले. लहान मुलाचा पाय धरून बूट काढताना बाई वाकते तशी ती वाकली होती.

मी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं.

तेवढ्यात काचेवर, अगदी खाली, माझ्या कमरेइतक्या उंचीवर, बाहेरून पंजा टेकल्यासारखा एक छोटा डाग उमटला.

मी किंचाळले. वाडगा लवंडला, काच सरकवली की आपोआप सरकली मला माहीत नाही, मी डोळे मिटून त्या चौकोनातून धावले, सर्वशक्तीनिशी बाहेरचं दार ओढलं आणि कुलूप लावलं. कुलपाने नेहमीची धून वाजवली. बंद झालं.

मग मी डोळे उघडले.

कुणी नव्हतं. सपाता होत्या, टोकं घराकडे. त्यांच्या शेजारी एक पांढरा बूट होता. लहान, उजव्या पायाचा. तळव्यातला दिवा अजून लुकलुकत होता.

एकच.

दुसरा बूट काढायच्या आधीच मी दार लावलं होतं.

८

दादाला फोन लावतेय. वाजतोय. तिकडे अपरात्र असणार, भिंतीवर काटे मात्र तेच आहेत. पुन्हा लावला. वहिनीचा लावला, तोही नुसता वाजतो. दवाखान्यात गेले असतील का? फोन घरीच विसरले असतील का? मी बुटाजवळ जमिनीवर बसून आहे. लुकलुक थांबली आहे. दार उघडायला हवं, हे मला कळतंय. कुलपापर्यंत हात जातो आणि परत येतो. आधी फक्त कुणीतरी सांगा, की ती उठली. अंथरुणात बसली आहे, पाणी मागते आहे. मग मी काहीही उघडेन.

वरून एक विमान येतंय. खिडकी थरथरायला लागली.

पुन्हा दादाचा नंबर. वाजतोय. वाजतोय.

उचलला.

"दादा?"

पलीकडे बोलणं नाही. मोठी घरघर आहे, विमान डोक्यावरून जाताना होते तशी. माझ्या खिडकीची थरथर थांबली, आणि त्याच क्षणी फोनमधली घरघरही थांबली. मग दमलेला छोटा श्वास, आणि तिचा आवाज. जराही न घाबरलेला, फक्त थोडा रुसलेला.

"आत्या, दार का लावलंस?"